पेलोड बांधण्याआधी पंप शोधा

फुग्यावरून प्रयोग पाठवायचा म्हणून मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या वहीत सेन्सरची यादी तयार असते. ओझोन मोजायचा, अतिनील किरणं मोजायची, कॅमेरा लावायचा, शिवाय तापमान आणि दाब आहेतच. यादी चांगलीच असते. मी ती बाजूला ठेवते आणि आधी विचारते, व्हॅक्यूम पंप, म्हणजे भांड्यातली हवा काढणारा पंप, कुठून आणणार आहात? पंपाची सोय झाली की यादीकडे वळू.

आमचा फुगा गेला त्या ३६ किलोमीटर उंचीवर थंडी असते हे शाळकरी मुलालाही माहीत असतं, म्हणून सगळे थंडीची तयारी करतात. थर्मोकोल लावतात, हीटर लावतात, फ्रीजरमध्ये ठेवून बघतात. आमच्या पेलोडनं, म्हणजे फुग्याखाली टांगलेल्या उपकरणांच्या पेटीनं, दोनदा दगा दिला आणि दोन्ही वेळा थंडीचा काही संबंध नव्हता. हवा नव्हती म्हणून ते घडलं. त्या उंचीवर हवेचा दाब साधारण ५ मिलिबार असतो, म्हणजे आपल्या अंगणातल्या दाबाचा दोनशेवा हिस्सा. मला सांगायचं आहे ते मुख्यतः या पातळ हवेबद्दल.

मी मूळची उदगीरची. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे फुगे सुटायचे, त्या दिवसांत आमच्याकडच्या पेपरात सूचना यायची. पॅराशूटला बांधलेली उपकरणं शेतात उतरली तर उघडू नका, हात लावू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. आजोबा ती मोठ्यानं वाचायचे आणि मी नि माझा भाऊ संध्याकाळी गच्चीवर जाऊन आकाशाकडे बघत बसायचो. आमच्या गावात कधी काही उतरलं नाही. पुढे अमेरिकेत एमएस करताना विभागाच्या फलकावर ‘विद्यार्थ्यांचं पेलोड, फुग्यावरून, सप्टेंबरमध्ये’ अशी चिठ्ठी दिसली, आणि मी त्याच दुपारी नाव दिलं.

तो कार्यक्रम म्हणजे हाय अल्टिट्यूड स्टुडंट प्लॅटफॉर्म, सगळे त्याला हॅस्प म्हणतात. नासाचा बलून विभाग आणि लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी यांनी तो उभा केला आणि पहिलं उड्डाण २००६ साली झालं. एका सांगाड्यावर वेगवेगळ्या विद्यापीठांची पेलोडं शेजारी शेजारी बसवतात. आमच्या वेळी १२ जागा होत्या, ८ लहान आणि ४ मोठ्या. खाली देते ते आकडे तेव्हाचे आहेत. सांगाडा आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. संघातल्या प्रत्येकानं वाचा, एकट्या संघप्रमुखानं वाचून भागत नाही.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे

‘वातावरणाचा अभ्यास करणे’ हा प्रश्न नव्हे. आमचा प्रश्न असा होता: वैश्विक किरणांच्या कणांची संख्या कोणत्या उंचीवर सर्वाधिक असते, आणि सरळ वरून येणारे कण वेगळे मोजले तर ती उंची बदलते का?

हा जुनाच प्रश्न आहे. अवकाशातून येणारा कण हवेतल्या अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून नवे कण फुटतात, ते पुढे आणखी आदळतात. वरून खाली येताना हा पसारा आधी वाढत जातो आणि मग हवा दाट झाली की शोषला जातो. मध्ये कुठेतरी, साधारण २० किलोमीटरच्या आसपास, गर्दी सर्वांत जास्त असते. एरिख रेगेनर आणि गेऑर्ग फोट्झर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात फुग्यावर गायगर नळ्या (कण आतून गेला की विजेचा ठोका देणाऱ्या) पाठवून ही उंची शोधली, म्हणून तिला रेगेनर-फोट्झर कमाल म्हणतात. आम्ही त्यांच्याच पद्धतीनं दोन गायगर नळ्या एकीवर एक ठेवल्या. दोन्ही एकदम वाजल्या तर कण वरून आरपार गेला असं धरायचं. एकच वाजली तर तिरका. उत्तर पुस्तकात आहे म्हणून असा प्रयोग कमी प्रतीचा ठरत नाही. पहिल्या खेपेला उत्तर ठाऊक असलेलाच प्रयोग घ्या, कारण तुमची पेटी खरं बोलते आहे की नाही हे ताडून बघायला तेच उत्तर कामाला येतं.

प्रश्न ठरला की लगेच दुसरी गोष्ट ठरवा: शंका घेणाऱ्याला तुम्ही काय दाखवाल? या बाबतीत मला २० एप्रिल २००५चं हैदराबादचं उड्डाण फार मोलाचं वाटतं. जयंत नारळीकर त्या प्रयोगाचे प्रमुख होते. ४५९ किलोचं पेलोड, त्यात आतली हवा काढून निर्जंतुक केलेल्या १६ पोलादी नळ्या, त्या थंड ठेवायला ३८ किलो द्रवरूप निऑन. २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यातली हवा गोळा करून त्यात सूक्ष्मजीव आहेत का हे बघायचं होतं. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे तपासले गेले. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आणि त्यांना इस्रो, आर्यभट आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या नावांवरून नावं दिली. मुलांनी यातून तपासणीची दुहेरी सोय उचलावी. तुमच्याकडे दोन प्रयोगशाळा नसतील, पण तुम्ही जुळी पेटी बांधू शकता. एक वर जाते, दुसरी तशीच्या तशी, त्याच वेळी, जमिनीवर चालू राहते. खर्च दुप्पट होत नाही, कारण निम्मे भाग तुम्ही सुटे म्हणून आणलेलेच असतात.

वजन, वीज, उष्णता

लहान जागेला ३ किलो वजन, १५ बाय १५ सेंटिमीटर तळ आणि ३० सेंटिमीटर उंची मिळायची. वीज सांगाड्यावरूनच, ३० व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा ॲम्पिअर. बॅटरीची कटकट नाही, पण अर्धा ॲम्पिअर म्हणजे अर्धाच. पेटी चालू करताच रिकामे कपॅसिटर क्षणभर खूप प्रवाह ओढतात, फ्यूज तेवढ्यानं उडू शकतो. म्हणून प्रवाह हळूहळू चढेल अशी सोय पहिल्याच आराखड्यात ठेवा.

आता आमचा पहिला दगा. ३० व्होल्टचे ५ व्होल्ट करायला आम्ही सुरुवातीला ७८०५ वापरला. तीन पायांचा, सगळ्यांना माहीत असलेला रेग्युलेटर. हिशेब करून बघा: आमचं सर्किट ०.२ ॲम्पिअर घ्यायचं. रेग्युलेटरवर उरलेले २५ व्होल्ट गुणिले ०.२, म्हणजे ५ वॉट नुसती उष्णता. सर्किटला लागायचा १ वॉट आणि त्यासाठी ५ वॉट जाळायचे. टेबलावर हे खपून जातं, कारण खोलीतली हवा तापून वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते आणि भाग गार राहतो. वर हे काम करायला पुरेशी हवाच नाही. उणे ३० अंशांच्या आसपासच्या हवेत तुमचा रेग्युलेटर भाजून निघू शकतो, आणि थर्मोकोलच्या जाड पेटीत तर नक्कीच. विद्यापीठाच्या छोट्या व्हॅक्यूम भांड्यात तो पंधरा मिनिटांत स्वतःच बंद पडला. बाहेर काढला, गार झाला, परत चालू. हे तीन वेळा झालं तेव्हा आम्हाला उमगलं.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा. एक, स्विचिंग कन्व्हर्टर वापरा, तो वीज वेगानं चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो. १ वॉटच्या कामाला तो पावभर वॉटही वाया घालवत नाही. त्याचा विजेचा गोंगाट मोजणीत येऊ नये म्हणून फिल्टर लावा आणि तो बोर्ड संवेदनशील भागापासून दूर ठेवा. दोन, तापणारा प्रत्येक भाग ॲल्युमिनिअमच्या पट्टीनं तळपाटाशी धातूला धातू लागेल असा जोडा, मध्ये थर्मल पेस्ट. हवेतून उष्णता नेता येत नसेल तर धातूतून न्यायची. पेटी बाहेरून पांढरी रंगवा. दिवसा तिथलं ऊन अतिशय कडक असतं आणि सूर्य मावळला की तीच पेटी झपाट्यानं गार होते, म्हणून हीटर असलाच तर तापमान बघून चालू-बंद होणारा हवा.

पोकळीत आणखी काय काय बिघडतं तेही सांगून टाकते. हवाबंद डबी फुगते, तेव्हा प्रत्येक कप्प्याला छोटं भोक ठेवा. पाउच प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या फुगतात. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कमध्ये डोकं हवेच्या थरावर तरंगतं, हवा गेली की ते तबकडीवर टेकतं, म्हणून साठवण मेमरी कार्डावरच. गरम गोंदानं चिकटवलेल्या तारा थंडीत टणकन सुटतात. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी तर पेटीत जाऊच देऊ नका.

चारशे व्होल्ट आणि दीड मिलिमीटर

दुसरा दगा जास्त शिकवून गेला. गायगर नळी असो, फोटोमल्टिप्लायर (अगदी अंधुक प्रकाश मोजणारी नळी) असो की दुसरं काही, तुमच्या पेलोडमध्ये ३०० व्होल्टच्या वर काहीही असेल तर हा भाग दोनदा वाचा.

आमच्या नळ्या रशियन बनावटीच्या एसबीएम-२० होत्या. स्वस्त, दणकट, चालवायला ४०० व्होल्ट लागतात. टेबलावर छान चालल्या. दोन्ही एकदम वाजण्याचा आकडा मिनिटाला एक-दोन यायचा, जो यायला हवा तोच. फ्रीजरमध्येही तसाच.

ऑगस्टच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन गावी गेलो. तिथे नासाचं कोलंबिया सायंटिफिक बलून फॅसिलिटी आहे आणि अख्खा सांगाडा मावेल एवढी मोठी चाचणी-कोठी आहे. सगळ्यांची पेलोडं बसवून दार लावलं, हवा काढायला सुरुवात झाली. दाब उतरत गेला तसा आमच्या पडद्यावरचा आकडा मिनिटाला दोनवरून चाळीस, मग सहाशे. क्षणभर आम्हाला आनंदच झाला, आणि लगेच धस्स झालं. कोठी टेक्सासच्या जमिनीवर होती, तिथे कण वाढायचं काही कारण नव्हतं.

तिथल्या एका वयस्कर अभियंत्यानं एवढंच विचारलं, “व्होल्टेज किती?” ‘चारशे’ म्हटल्यावर त्यानं पाठकोऱ्या कागदावर एक वक्र काढला. हवेत ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतात हे दोन टोकांमधलं अंतर आणि हवेचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. हा पाश्चेनचा नियम. साध्या दाबाला मिलिमीटरभर फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. दाब कमी करत गेलं की ही मर्यादा खाली येते, सुमारे ३३० व्होल्टवर तळ गाठते आणि मग परत वर चढते. ५ मिलिबारला तो तळ येतो साधारण दीड मिलिमीटरच्या फटीला. आमच्या बोर्डावर उच्च व्होल्टेजचा पाय आणि शेजारची जमीनजोड यांच्यात जवळपास तेवढंच अंतर होतं. जमिनीवर पूर्ण सुरक्षित असलेली फट ३६ किलोमीटरवर नेमकी सर्वांत वाईट होती. त्यात भर म्हणजे दोन्ही नळ्यांना एकाच ठिकाणाहून व्होल्टेज दिलेलं, त्यामुळे ठिणगी पडली की दोन्ही नळ्यांच्या तारांत एकदम ठोका यायचा आणि आमचं सर्किट त्याला ‘वरून आलेला कण’ म्हणायचं. ज्या एकाच वेळच्या ठोक्यांवर आमचा सगळा विश्वास होता, त्यांतच खोट शिरली होती.

दुसरी चाचणी एका दिवसानं होती. आम्ही चौघं रात्रभर बसलो. उच्च व्होल्टेजची टोकं कापून आखूड केली, सोल्डरची टोकदार शेपटं गोल केली आणि उघडा भाग सिलिकॉननं झाकला. सिलिकॉन न्यूट्रल-क्युअर प्रकारचं घ्या. बाथरूमच्या फटी भरायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं. एकदम जाड थर दिला तर आतून दिवसभर वाळत नाही, म्हणून पातळ थर, मध्ये वेळ, परत पातळ थर. दुसऱ्या चाचणीत आकडा मिनिटाला दोनवरच राहिला आणि आम्हाला उड्डाणाची मंजुरी मिळाली.

तरी उड्डाणात एक गोष्ट झालीच. फुगा वर पोचून चार तास झाल्यावर वीसेक मिनिटं खोटे ठोके परत आले. मागाहून विचार केला तेव्हा पटलं की सिलिकॉनच्या आत एक हवेचा बुडबुडा राहिला असणार. त्यातली हवा ताबडतोब निघत नाही, तासनतास झिरपते. बुडबुड्यातला दाब उतरत उतरत त्या वाईट पट्ट्यात आला, ठिणग्या पडल्या, आणखी उतरला तशा थांबल्या. कोठीतली आमची चाचणी चार तासांपेक्षा कमी वेळ चालली होती, म्हणून तिथे हे दिसलं नाही.

यावरून दोन सूचना. उड्डाण जितके तास, तितके तास पोकळीत चाचणी करा. आणि झाकायचा द्रव ओतण्याआधी तो पंपाखाली ठेवून त्यातले बुडबुडे काढा. नळ्यांना स्वतंत्र व्होल्टेज पुरवठा देता आला तर त्याहून उत्तम.

घरची कोठी

आता पहिल्या प्रश्नाकडे. पॅलेस्टाइनची कोठी आपल्याकडे नाही, पण ५ मिलिबार गाठणं फार अवघड नाही. एसी-फ्रीज दुरुस्त करणारे मेकॅनिक गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा काढतात, त्यांचा पंप चांगल्या स्थितीत असेल तर यापेक्षा खूप खाली जातो. दोन दिवस भाड्यानं मिळतो. पदार्थविज्ञानाच्या जुन्या प्रयोगशाळेत काचेची हंडी आणि रोटरी पंप धूळ खात पडलेले असतात, तेही विचारा.

भांडं मात्र जपून निवडा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवा जवळपास ७०० किलोचा भार टाकते. घरातलं स्टीलचं पातेलं चेपतं आणि तडा गेलेली काच आतल्या बाजूला फुटते. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड लोखंडी पाइपचा तुकडा घेते, एका बाजूला जाड तळ वेल्ड करून घेते, वर २५ मिलिमीटरचं ॲक्रिलिक आणि मध्ये रबराची गॅस्केट. तरीही चालू असताना डोळ्यांना चष्मा आणि समोर प्लायवूडची फळी ठेवतेच. दाबमापक हवाच, अंदाजावर चालत नाही.

थंडीसाठी कोरडा बर्फ, तो उणे ७८ अंशांना असतो. औषधं किंवा आइस्क्रीम पाठवणाऱ्यांकडे मिळतो. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, बंद डब्यात ठेवू नका. आधी फक्त थंडी, मग फक्त पोकळी, मग पोकळीत दिवे लावून उष्णता, या क्रमानं जा. एकदम सगळं केलं तर बिघाड कशानं झाला हे कळत नाही.

चाचणी चालू असताना दाब सावकाश उतरवा आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून आकडे लिहा. तुमचं पेलोड या सगळ्या दाबांतून प्रवास करणार आहे. फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर चढतो, म्हणजे वर पोचायला दोन तास, आणि वाईट पट्टा तुमच्यासाठी कुठल्या उंचीवर आहे ते पट्ट्यातून गेल्याशिवाय समजत नाही.

एकशेवीस अक्षरं

लहान पेलोडला खाली माहिती पाठवायला १२०० बॉडची, म्हणजे सेकंदाला १२०० बिट नेणारी, सिरियल तार मिळायची. एका अक्षराला १० बिट धरले तर सेकंदाला १२० अक्षरं. फोटो विसरा. आमची एक ओळ ४८ अक्षरांची, दर सेकंदाला एक: ओळीचा क्रमांक, वेळ, पहिली नळी, दुसरी नळी, दोन्ही एकदम, तीन तापमानं, तपासबेरीज (ओळ वाटेत बिघडली का हे ओळखायचा आकडा). निम्म्याहून जास्त जागा मुद्दाम मोकळी ठेवली, कारण शेवटच्या महिन्यात आणखी काहीतरी पाठवावंसं वाटतंच. ओळ माणसाला नुसती बघून वाचता येईल अशी ठेवा. पहाटे तीन वाजता पडद्यासमोर बसलेल्या माणसाला आकड्यांचं कोडं सोडवायला लावू नये.

मेमरी कार्डावर तीच माहिती सविस्तर लिहा आणि दर दहा मिनिटांनी नवी फाइल उघडा. वीज कधीही जाऊ शकते, अर्धवट राहिलेली एक फाइल गेली तर दहाच मिनिटं जातात. स्वतःच्या घड्याळावर विसंबू नका, सांगाड्याकडून जीपीएसची वेळ मागून घेता येते.

याशिवाय दोन साध्या तारा मिळायच्या, ज्यांवर ० ते ५ व्होल्टचा कुठलाही संकेत खाली पाठवता येतो. बहुतेक संघ त्या रिकाम्या सोडत. आमच्यातल्या एका मुलीनं हट्टानं एका तारेवर उच्च व्होल्टेजच्या पुरवठ्याचा प्रवाह जोडला. चौथ्या तासाला खोटे ठोके आले तेव्हा तो प्रवाहही उसळलेला दिसला, म्हणून ती वीस मिनिटं नेमकी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे सांगता आलं. मोजणाऱ्या यंत्रावर लक्ष ठेवणारं एखादं मापन प्रत्येक पेलोडमध्ये असावं असं माझं ठाम मत आहे. नवा सेन्सर आणि हे यांत निवड करायची वेळ आली तर सेन्सर सोडा.

यांत्रिकीबद्दल थोडक्यात. उभ्या दिशेनं १० जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहापट, आणि आडव्या दिशेनं ५ जी धक्का सोसला पाहिजे. पॅराशूट उघडतं त्या क्षणी ३ किलोची पेटी ३० किलोची असल्यासारखी ओढते. हादऱ्यानं सैल न होणारे नायलॉक नट वापरा, जड भाग तळाशी ठेवा, आणि पेटी उलटी करून जोरात हलवा. काही खुळखुळलं तर उघडा.

कागद आणि दिवस

वर्षाचं चक्र साधारण असं होतं. ऑक्टोबरमध्ये अर्ज मागवत, हिवाळ्यात अर्ज आणि निवड. मग दर महिन्याला अहवाल. एप्रिलमध्ये पेलोडचा अंतिम आराखडा, जुलैमध्ये उड्डाणाच्या दिवशी कोण काय आज्ञा देणार याचा आराखडा. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये पॅलेस्टाइन, सप्टेंबरच्या सुरुवातीला उड्डाण, डिसेंबरमध्ये शास्त्रीय अहवाल. परदेशी विद्यार्थ्यांची नावं आणि कागदपत्रं खूप आधी द्यावी लागतात. आपली मुलं इथेच मागे पडतात, तेव्हा निवड झाल्याच्या आठवड्यात हे काम उरका. युरोपात शिकत असाल तर स्वीडन आणि जर्मनीचा बेक्सस हा विद्यार्थ्यांसाठीचा असाच कार्यक्रम आहे, त्याचे फुगे किरुनाजवळच्या एसरेंजहून २५ ते ३० किलोमीटरवर जातात.

उड्डाण न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरहून. सप्टेंबरच का, तर उन्हाळ्यात स्थितांबरातला वारा पूर्वेकडून वाहतो आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून. तो दिशा बदलतो त्या दिवसांत वर जवळजवळ निवांत असतं आणि फुगा फार दूर न जाता बराच वेळ तरंगतो. पहाटे जमिनीवरचा वारा पडला की हेलियम भरायला घेतात. पूर्ण फुलल्यावर ३ लाख घनमीटरच्या आसपास होणारा हा फुगा जमिनीवर मात्र वरच्या टोकाशी एक बुडबुडा आणि खाली लांबलचक पांढरी शेपटी एवढाच दिसतो. त्या पहाटे तुमच्या हातात एकच काम असतं: यादी. आज्ञा कोणत्या क्रमानं द्यायच्या, काय दिसलं तर काय करायचं, काय दिसलं तर काहीच करायचं नाही. हे सगळं कागदावर हवं. झोप झालेली नसताना डोक्यातून काढायला जाऊ नका.

इथे, आपल्याकडे करायचं असेल तर

रबराचा हवामानाचा फुगा घ्या. १२०० ग्रॅमचा फुगा ३० किलोमीटरच्या आसपास जाऊन फुटतो, तोवर त्याचा व्यास सुमारे चौपट झालेला असतो. दोन-तीन तासांचा प्रवास. २०२१च्या फेब्रुवारीत रामेश्वरमहून शाळकरी मुलांची १०० चिमुकली पेलोडं हेलियमच्या फुग्यांनी वर गेली होती, त्यांत महाराष्ट्रातली मुलंही होती. म्हणजे शाळेच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

परवानगीशिवाय मात्र काही सोडू नका. जवळच्या विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षापासून सुरुवात करा, पोलीस ठाण्याला लेखी कळवा, आणि यासाठी महिने धरा. रेडिओसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, लोरा (कमी शक्तीत लांबवर पोचणारा रेडिओ) मॉड्यूल तिथे चांगलं चालतं. जीपीएसमध्ये एक खाच आहे. पुष्कळ रिसीव्हर १८ किलोमीटरच्या वर गप्प होतात, आणि यू-ब्लॉक्स कंपनीचे रिसीव्हर जसे येतात तसे वापरले तर १२ किलोमीटरलाच. त्यांना चालू होताना ‘एअरबोर्न’ मोडची आज्ञा द्यावी लागते, मग ते ५० किलोमीटरपर्यंत चालतात. मधेच वीज जाऊन परत आली तर ती आज्ञा विसरलेली असते, म्हणून दर मिनिटाला परत पाठवा.

पेटीवर चिठ्ठी लावा. आमच्या भागातून फुगा सोडलात तर मराठी, कन्नड आणि तेलुगू, तिन्ही भाषांत. ‘धोकादायक नाही, विद्यार्थ्यांचा प्रयोग आहे, कृपया उघडू नका, या क्रमांकावर कळवा.’ मोठ्या अक्षरांत आणि पुसट न होणाऱ्या शाईत. ज्याच्या शेतात पेटी उतरेल त्याच्या पिकातून ती आणायला जाताना आधी त्याला विचारा, आणि पेटीत काय होतं ते त्याला उघडून दाखवा.

पेटी परत आल्यावर

स्क्रूला हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. मग कार्ड काढा आणि कुठलीही फाइल उघडण्याआधी दोन प्रती करा. सिलिकॉन, बोर्डावरचे डाग, सुटलेली तार, सगळं भिंगाखाली बघा. आमच्या बोर्डावर सिलिकॉन कापल्यावर उच्च व्होल्टेजच्या पायाशी मोहरीएवढी पोकळी आणि तिच्या कडेला तपकिरी जळका ठिपका सापडला.

आलेख काढताना उंची उभ्या अक्षावर घ्या, आकडे आडव्या. आमच्या आलेखात दोन्ही नळ्यांची संख्या २० किलोमीटरच्या जरा खाली सर्वांत जास्त झाली आणि मग वर जाताना कमी होत गेली. वरून आरपार जाणाऱ्या कणांचा वक्र थोडा वर सरकलेला होता, पण आमच्या आकड्यांतल्या चुकीच्या मर्यादेत बसेल एवढाच, आणि अहवालात आम्ही तसंच लिहिलं. ती वीस मिनिटं काढून टाकली, किती ओळी काढल्या, का काढल्या आणि कुठल्या तारेवरच्या प्रवाहावरून ठरवलं हे वेगळ्या परिच्छेदात दिलं, आणि काढलेल्या ओळी जशाच्या तशा शेवटी जोडल्या.